पडलेल्या वाडीची नोंद कोठे होते? निसर्ग चक्रीवादळ आणि राष्ट्रीय उत्पन्नाचा हिशेब

३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस, श्रीवर्धन-दिवेआगरच्या टापूत किनारा ओलांडून आत शिरले. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर होता. रायगड जिल्ह्यातील श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, तळा, माणगाव आणि बाणकोटच्या खाडीपलीकडील, रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड व दापोली हे तालुके त्याच्या तडाख्यात सापडले. कौले आणि पत्रे उडाले, विजेचे खांब आडवे झाले, आणि ज्यांतील कित्येक झाडे दोन-तीन पिढ्यांपूर्वी लावलेली होती अशा किनाऱ्यालगतच्या नारळी-पोफळीच्या, म्हणजे नारळ-सुपारीच्या, वाड्या काही तासांत भुईसपाट झाल्या. पूर्वसूचना वेळेवर मिळाल्यामुळे आणि किनाऱ्यावरील लोकांना आधीच हलवल्यामुळे मनुष्यहानी मर्यादित राहिली. येथील माणसांचे जे नुकसान झाले, ते देशाच्या आणि जिल्ह्याच्या अधिकृत आकड्यांत कोठे उमटले, एवढाच प्रश्न या प्रकरणात तपासायचा आहे.

राष्ट्राचे क्षेमकुशल केवळ उत्पादनावरून मोजता येत नाही, हे विधान आता इतक्या वेळा केले जाते की त्यातली धार बोथट झाली आहे. अर्थतज्ज्ञ सायमन कुझ्नेट्स यांनी १९३४ मध्ये अमेरिकी काँग्रेससाठी राष्ट्रीय उत्पन्नाचा अहवाल तयार केला, तेव्हाच या आकड्यावरून राष्ट्राच्या कल्याणाचा अंदाज बांधणे कठीण आहे असा इशारा त्यात दिला होता. म्हणजे मोजपट्टी तयार करणाऱ्यानेच तिची मर्यादा सांगून ठेवली होती. त्यामुळे तत्त्वाची चर्चा पुन्हा उगाळण्यापेक्षा एका किनारपट्टीवरील एका घटनेचा हिशेब ओळीओळीने पाहणे अधिक उपयोगाचे आहे. तसे पाहिले म्हणजे मोजपट्टी नेमकी कोठे आखूड पडते हे दिसते, आणि तिच्या जागी सुचवल्या जाणाऱ्या काही पट्ट्याही तेथेच आखूड पडतात हेही दिसते.

वाडी म्हणजे काय

श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड किंवा दापोली तालुक्यातील आंजर्ले-केळशी या गावांत वाडी म्हणजे घरामागची काही गुंठ्यांची जमीन. वर नारळ, त्याखाली पोफळ, पोफळीच्या किंवा नारळाच्या खोडावर चढवलेली काळी मिरी, मधल्या जागेत जायफळ, केळी, अननस, कडेला एखादे कोकमाचे झाड, आणि या सगळ्याला विहिरीचे पाणी. श्रीवर्धनच्या सुपारीला बाजारात स्वतःचे नाव आहे आणि तेथे सुपारीचे संशोधन केंद्रही आहे. पोफळ लावल्यापासून फळ धरायला साधारण पाच ते सात वर्षे लागतात, उंच जातीच्या नारळाला सहा ते आठ, जायफळालाही तितकीच. आणि एकदा धरल्यावर पोफळ काही दशके, तर नारळ त्याहूनही अधिक काळ देत राहतो.

येथे एक बारकावा महत्त्वाचा आहे, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावर टेकलेला आहे. वाडीची किंमत ही तिच्यातील झाडांच्या किमतींची बेरीज नसते. पोफळीला थेट ऊन सोसत नाही, कोवळ्या रोपांना तर नाहीच. वरचे नारळ पडले की खालच्या वाचलेल्या पोफळीही उन्हाने भाजतात, आधाराचे खोड गेले की मिरीचा वेल जमिनीवर येतो, आणि सावलीत वाढलेले जायफळ उघड्यावर पडून सुकू लागते. नवी पोफळ लावायची तर आधी केळी लावून सावली तयार करावी लागते. म्हणजे वादळात निम्मी झाडे पडली तर निम्मे उत्पन्न गेले असा त्रैराशिकाचा हिशेब येथे लागू पडत नाही. झावळ्या, पोयी, हिरांचे खराटे, सोडणांचे जळण, चुलीवरचे पाणी तापवण्यापुरती रोजची काटकी, या गोष्टी तर कोणी हिशेबात धरतही नाही, पण त्या बंद झाल्या की घराला गॅसचा सिलिंडर लवकर संपल्याचे कळते.

वहीतील नोंदी

सकल देशांतर्गत उत्पादन, ज्याला आपण सरसकट जीडीपी म्हणतो, हा प्रवाहाचा हिशेब आहे. एका वर्षात किती नवे निर्माण झाले हे तो सांगतो. वर्षाच्या सुरुवातीला हाताशी काय होते आणि शेवटी काय उरले हे सांगणे त्याचे काम नाही. आता वादळानंतरच्या नोंदी पाहू. पडलेली झाडे कापून वाडी मोकळी करण्यासाठी मजुरी दिली गेली आणि कापणीयंत्रे भाड्याने आणली गेली, त्यांची भर उत्पादनात पडली. छपरांसाठी पत्रे आणि कौले घेतली गेली. ती जेथे तयार झाली तेथील कारखान्याच्या उत्पादनात आणि जेथे विकली गेली तेथील व्यापाऱ्याच्या नफ्यात ती दिसली. विजेचे नवे खांब आणि तारा ही भांडवलनिर्मिती ठरली. दुसरीकडे सुपारी आणि नारळाचे त्या वर्षीचे आणि पुढील काही वर्षांचे उत्पादन घटले, ती घट कृषी क्षेत्राच्या आकड्यात उमटली. येथपर्यंत तक्रार करण्याजोगे काही नाही. दोन्ही बाजूंच्या नोंदी प्रामाणिक आहेत.

प्रश्न झाडांचा आहे. राष्ट्रीय लेख्यांच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत, जी आपले सांख्यिकी मंत्रालयही पाळते, वर्षानुवर्षे फळ देणारी लागवडीची झाडे ही स्थिर भांडवल मानली जातात. म्हणून नवी पोफळ लावणे ही गुंतवणूक ठरते आणि ती उत्पादनाच्या आकड्यात मोजली जाते. मग पडलेली पोफळ वजा होते का? सकल आकड्यातून काहीच वजा होत नाही, कारण तो सकल आहे. निव्वळ देशांतर्गत उत्पादन काढताना भांडवलाची झीज वजा केली जाते, पण त्या झिजेत नेहमीची, अपेक्षित झीज तेवढी येते. चक्रीवादळासारख्या आपत्तीत एका झटक्यात गेलेली मालमत्ता झीज धरली जात नाही. तिच्यासाठी मालमत्तेच्या आकारमानातील इतर बदल नावाचे वेगळे खाते आहे, आणि त्या खात्याचा उत्पादनाशी किंवा उत्पन्नाशी संबंध येत नाही. परिणामी वाडी पडली हे सकल आकड्याला कळत नाही, निव्वळ आकड्यालाही कळत नाही, आणि त्याच वाडीत पुन्हा रोपे लावली हे मात्र दोघांनाही कळते.

लेखापद्धतीच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. या पद्धतीची रचना करणाऱ्यांना हे ठाऊक नव्हते असे नाही. खाते त्यांनीच ठेवले आहे. त्यांचे म्हणणे असे की उत्पन्न म्हणजे उत्पादनातून मिळालेले, आणि वादळ हे उत्पादनाच्या क्रियेचा भाग नाही. तर्क म्हणून हे टिकते. अडचण अशी की वादळाची नोंद ज्या ताळेबंदात व्हायची तो ताळेबंद जिल्हा पातळीवर आपल्याकडे तयारच होत नाही. खाते पुस्तकात आहे, वहीत त्याचे पान नाही.

याचा एक पुढचा परिणाम अधिक विचित्र आहे. २०२० च्या पावसाळ्यात लावलेली पोफळ २०२६-२७ च्या आसपास धरू लागेल. तेव्हा वाढलेले सुपारीचे उत्पादन कृषी क्षेत्रातील वाढ म्हणून नोंदले जाईल. जे होते ते परत येणे आणि नवे काही मिळणे यांत प्रवाहाचा हिशेब फरक करत नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने याच किनाऱ्याला पुन्हा घासले, त्यामुळे काही ठिकाणी हे परत येणेही लांबले असणार.

उलट दिशेचे एक उदाहरणही नोंदवण्यासारखे आहे. किनाऱ्यावरील लोकांना वेळेत हलवल्यामुळे जे जीव वाचले त्यांचे मोल वहीत किती? सरकारी सेवांना बाजारभाव नसल्याने त्यांचे उत्पादन त्यांच्यावर झालेल्या खर्चाइतके धरले जाते. म्हणजे हवामान खात्याचे, तहसील कार्यालयाचे आणि पोलिसांचे त्या दिवसाचे काम पगार, इंधन आणि तत्सम खर्चापुरते मोजले गेले. ते काम उत्तम झाले असते किंवा गलथान झाले असते, तरी आकडा जवळपास तोच राहिला असता.

हेक्टर, गुंठा आणि झाड

नुकसानभरपाई हा कल्याण मोजण्याचाच एक प्रकार आहे, कारण सरकारला त्या वेळी एका कुटुंबाचे नुकसान रुपयांत लिहावे लागते. राज्य सरकारने फळबागांसाठी नेहमीचा दर वाढवून हेक्टरी ५०,००० रुपये जाहीर केला. विदर्भातील संत्र्याच्या किंवा सांगलीकडील द्राक्षांच्या बागेला हेक्टर हे माप शोभते. कोकणातील वाडी गुंठ्यांत असते. समजा एका कुटुंबाची दहा गुंठ्यांची वाडी आहे. शंभर गुंठे म्हणजे जवळपास एक हेक्टर, तेव्हा सगळी वाडी जमीनदोस्त झाली तरी या दराने हाती सुमारे ५,००० रुपये येतात, आणि पडलेली झाडे उचलण्याची मजुरीच त्याहून अधिक होते. म्हणून किनाऱ्यावरून मागणी झाली की भरपाई क्षेत्रावर नको, झाडावर द्या. पुढे तसा निर्णयही झाला: नारळाच्या झाडामागे २५० रुपये आणि सुपारीच्या झाडामागे ५० रुपये. त्याच काल्पनिक वाडीत शंभर पोफळी आणि दहा नारळ होते असे धरले तर रक्कम ७,५०० रुपये होते.

माप बदलले की नुकसानही बदलले, हे येथे लक्षात घ्यावे. तरीही झाडाचा दर त्याच्या पुढील उत्पन्नाशी जोडलेला नव्हता. खर्च वजा जाता एक पोफळ वर्षाला अगदी १०० रुपये देते असे, केवळ उदाहरणापुरते, धरले आणि नवे रोप धरायला सहा वर्षे लागतात हे लक्षात घेतले, तर नुसत्या वाट पाहण्याची किंमतच झाडामागे ६०० रुपये होते. त्यात रोप, खत, पाणी आणि सावलीची केळी धरलेली नाहीत. सरकारने झाडाची पूर्ण किंमत द्यावी असे माझे म्हणणे नाही, मदत आणि मूल्यमापन या वेगळ्या गोष्टी आहेत. पण मूल्यमापन कोठेच केलेले नसेल तर मदतीचा आकडाच हळूहळू नुकसानीचा आकडा समजला जातो, आणि पुढच्या अहवालात तोच उद्धृत होतो.

जिल्ह्याची सरासरी आणि मुंबईचा पैसा

जिल्हा उत्पन्नाचे अंदाज राज्याचे अर्थ व सांख्यिकी संचालनालय तयार करते. रायगड जिल्ह्यात पंधरा तालुके आहेत. उत्तरेकडे पनवेल, तळोजा, पाताळगंगा, उरणचे बंदर, थळचा खतकारखाना, नागोठण्याचे पेट्रोरसायन संकुल. दक्षिणेकडे श्रीवर्धन आणि म्हसळा. या सर्वांचा एकच दरडोई आकडा निघतो. शिवाय २०२०-२१ हे टाळेबंदीचे वर्ष होते. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत देशाचे सकल उत्पादन पहिल्या अंदाजानुसार २३.९ टक्क्यांनी घटले. एवढ्या मोठ्या खड्ड्यात दक्षिण रायगडच्या वाड्या शोधू गेल्यास हाती काही लागणे शक्य नाही.

त्यात दुसरी गुंतागुंत आहे आणि ती कोकणाची खास आहे. राज्य आणि जिल्हा उत्पन्न मोजताना उत्पन्न जेथे निर्माण झाले तेथे ते धरले जाते, जेथे पोहोचले तेथे नाही. मुंबईत नोकरी करणाऱ्या मुलाने श्रीवर्धनला आईकडे पाठवलेले पैसे हे मुंबईचे उत्पन्न. आईच्या जिल्ह्याच्या खात्यात त्यांचा पत्ता नाही. उलट जिल्ह्यातील मोठ्या कारखान्याचा नफा बाहेरच्या भागधारकांकडे जात असला तरी तत्त्वतः तो जिल्ह्यातच निर्माण झाला असे धरले जाते. कोकणाची अर्थव्यवस्था मनीऑर्डरची म्हणून ओळखली जात आली, २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या आधीच्या दहा वर्षांच्या तुलनेत ४.८२ टक्क्यांनी घटलेली आणि दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया असल्याचे दिसले, ते याच स्थलांतराचे चिन्ह. असा प्रदेश त्याच्या जिल्हा उत्पन्नावरून जोखणे म्हणजे त्याच्या राहणीमानाची एक मोठी बाजू सोडून देणे आहे. आखातात स्थायिक झालेल्या दापोली-मंडणगडच्या माणसाच्या बाबतीत देश पातळीवरही हेच घडते. त्याने घरी पाठवलेले पैसे सकल देशांतर्गत उत्पादनात नसतात, सकल राष्ट्रीय उत्पन्नातही नसतात, ते केवळ राष्ट्राच्या खर्चण्यायोग्य उत्पन्नात येतात.

जून २०२० मध्ये हा ओघ एका वेळी दोन्हीकडून आटला होता. टाळेबंदीत चाकरमानी गावी परतले होते, त्यांचे पगार थांबले होते, आणि ज्या वाडीच्या भरवशावर अडचणीचे दिवस काढायचे ती वाडी पडली. जिल्हा उत्पन्नाच्या दृष्टीने यांतील पहिली गोष्ट, म्हणजे मुंबईचे पगार थांबणे, घडलीच नव्हती.

पर्यायी पट्ट्या येथे लावून पाहिल्या तर

निती आयोगाचा बहुआयामी दारिद्र्य निर्देशांक आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान यांचे बारा निकष पाहतो, आणि जिल्हानिहाय आकडे देतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला त्याचा अहवाल राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीवर आधारलेला आहे, आणि महाराष्ट्रातील त्या फेरीचे क्षेत्रकाम २०१९ मध्येच झाले होते. रायगडचे २०२३ मध्ये छापलेले चित्र वादळाच्या आधीचे आहे. समजा सर्वेक्षण वादळानंतर झाले असते, तर वीज आणि घर या निकषांवर काही कुटुंबे वंचित दिसली असती. मालमत्तेच्या निकषात मात्र दूरचित्रवाणी, दूरध्वनी, दुचाकी, शीतकपाट अशा वस्तू येतात. ज्याची वाडी गेली पण दुचाकी आणि मोबाइल राहिला, त्याचे या निकषावर काहीच गेले नाही.

पहिले राष्ट्रीय वेळवापर सर्वेक्षणही जानेवारी ते डिसेंबर २०१९ चेच. घरातील विनामोबदला कामासाठी, असे काम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे आणि पुरुष ९७ मिनिटे देतात, हे त्यातून समजले. वादळानंतर अनेक गावांत वीज कित्येक आठवडे नव्हती. पंप बंद, म्हणून विहिरीचे पाणी हाताने शेंदायचे. मिक्सर बंद, म्हणून वाटण पाट्यावर. छपरावर ताडपत्री आणि पावसाळा डोक्यावर, म्हणून ओले धान्य वाळवणे व निवडणे वेगळे. या वाढलेल्या तासांचा बोजा प्रामुख्याने बायकांवर पडला, आणि तो मोजू शकणारे एकमेव साधन त्या वर्षी वापरात नव्हते. असते तरी त्याचे निष्कर्ष देश आणि राज्यासाठी असतात, तालुक्यासाठी नव्हे. २०२१ ची जनगणना तर ठरल्या वेळी झालीच नाही.

भूतानच्या सकल राष्ट्रीय आनंदाच्या निर्देशांकात नऊ क्षेत्रे आणि तेहतीस निकष आहेत, त्यांत वेळेचा वापर, समाजातील एकोपा आणि परिसंस्था यांनाही जागा आहे. ब्रिटनमध्ये २०११ पासून लोकांना आयुष्याचे समाधान शून्य ते दहा या पट्टीवर विचारले जाते. ही साधने निरुपयोगी नाहीत, पण या प्रकरणात त्यांच्याबद्दल मला एक शंका आहे. आपत्तीनंतर माणसे आपली अपेक्षा आवरून घेतात. जीव वाचला, छप्पर पुन्हा उभे राहिले, गणपतीला मुले घरी आली, एवढ्यावर समाधानाचा गुण पूर्वीच्या जवळ येऊ शकतो, आणि वाडी मात्र गेलेलीच असते. अमर्त्य सेन यांनी वंचित माणसाच्या जुळवून घेण्याबद्दल जो इशारा दिला आहे तो येथे तंतोतंत लागू पडतो.

मला सर्वांत कामाची वाटते ती संपत्तीच्या लेख्याची दिशा. स्टिग्लिट्झ, सेन आणि फितुसी या अर्थतज्ज्ञांच्या आयोगाने २००९ मध्ये कल्याणाचा प्रश्न आणि टिकाऊपणाचा प्रश्न वेगळे ठेवण्यास सांगितले आणि दुसऱ्यासाठी संपत्तीच्या साठ्यांकडे पाहण्याची शिफारस केली. भारतात अर्थतज्ज्ञ पार्थ दासगुप्ता यांच्या अध्यक्षतेखालील गटाने २०१३ मध्ये हरित राष्ट्रीय लेख्यांची चौकट मांडली, तिचा गाभाही संपत्तीचाच आहे. संयुक्त राष्ट्रांनी मार्च २०२१ मध्ये परिसंस्था लेखांकनाची पद्धत स्वीकारली. तीत परिसंस्थेचा विस्तार आणि तिची स्थिती ही दोन खाती वेगळी ठेवली जातात. वाडीला हे नेमके बसते: विस्ताराच्या खात्यात दहा गुंठे ३ जूनच्या आधीही होते आणि नंतरही आहेत, बदलली ती स्थिती. सरकारी हेक्टरचा दर विस्ताराचा होता, झाडाचा दर स्थितीकडे अर्धे पाऊल टाकणारा होता.

नोंद कोठून सुरू करावी

असा ताळेबंद दिल्लीत बसून तयार होणार नाही. त्याचा कच्चा माल गावात आहे. गाव नमुना बारामध्ये, म्हणजे सातबाऱ्याच्या पिकांच्या भागात, पिकांची नोंद पूर्वीपासून होते, आणि ऑगस्ट २०२१ पासून राज्यात शेतकरी ई-पीक पाहणीच्या ॲपवर छायाचित्रासह स्वतः नोंद करू शकतो. वाडीपुरते म्हणायचे तर झाडांचा प्रकार, संख्या, अंदाजे वय आणि ते फळावर आहे की नाही, एवढे चार रकाने प्रामाणिकपणे भरले गेले, तरी पुढच्या वादळानंतर आधी काय होते हे सांगता येईल. निसर्गनंतरच्या पंचनाम्यांत हाच वाद सर्वत्र होता: पडलेली झाडे मोजता आली, पण आडव्या पडलेल्या शंभर खोडांपैकी किती फळ धरणारी होती आणि किती दोन वर्षांपूर्वी लावलेली होती हे ठरवायला कागद नव्हता.

यात दोन खऱ्या अडचणी आहेत. कोकणातील सातबारा बहुधा सामाईक असतो. दहा गुंठ्यांवर पंधरा नावे, त्यांतील बरीच मुंबई-ठाण्यातील, काही हयात नसलेली. प्रत्यक्ष वाडी शिंपणारा एकच, आणि कधी कधी त्याचे नाव त्या पंधरांतही नसते. मालमत्तेचे नुकसान मालकाच्या नावे लिहायचे की ज्याचे रोजचे जगणे त्या वाडीवर होते त्याच्या नावे, हा प्रश्न सांख्यिकीच्या पुस्तकाने सुटणारा नाही; मालकीचा आणि वहिवाटीचा असे दोन रकाने ठेवून निदान तो उघड करता येईल. दुसरी अडचण विकलेल्या वाड्यांची. जो पुन्हा लावणीची सहा वर्षे थांबू शकत नाही तो जमीन विकण्याचा विचार करतो. जमिनीची विक्री हे उत्पादन नव्हे, पण त्या जागी निवासाच्या खोल्या बांधल्या तर बांधकाम आणि पुढे पर्यटन या दोन्ही नावांनी जिल्ह्याचे उत्पन्न वाढते. तो व्यवहार त्या कुटुंबासाठी चुकीचाच असेल असे कोणी बाहेरून म्हणू नये. मात्र त्याची नोंद करताना वाढलेल्या उत्पन्नाशेजारी गेलेल्या झाडांचा, विहिरीवर वाढलेल्या उपशाचा आणि गावात उरलेल्या वाड्यांच्या संख्येचा रकाना असावा, आणि तो तालुक्याच्या पातळीवर दर वर्षी भरला जावा. जिल्ह्याच्या सरासरीत घातला तर तो पनवेलच्या आकड्यांखाली पुन्हा दिसेनासा होईल.